खुलाशाची पोच

शीतखोलीचं दार उघडलं तेव्हा आतून ऊब आली. तेवढ्यावरच सगळ्यांना कळलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. सोमवार, दोन नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. एरवी दार उघडलं की पावलांवर गार हवा पडायची. त्या दिवशी बरेच दिवस बंद असलेल्या ट्रंकेतून यावी तशी ऊब आली आणि आंबूस वास आला. कार्यालय अधीक्षक सोनटक्के माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "अरे देवा."

कुमुद सगळ्यांच्या आधी आत गेली. मांडण्यांवर ट्रे होते, ट्रेमध्ये पुठ्ठ्याची कार्डं आणि प्रत्येक कार्डावर एकेका पतंगाची चार-पाचशे अंडी. खसखशीच्या दाण्याएवढी. ही अंडी थंडीत ठेवली की झोपून राहतात. ऊब लागली की दहा-अकरा दिवसांत फुटतात. ती फुटली होती. कार्डांवर काळ्या बारीक अळ्या होत्या, दाढी केल्यावर बेसिनला चिकटून राहतात त्या केसांसारख्या. ट्रेच्या काठांवर होत्या, मांडणीच्या पायांवर होत्या, भिंतीवर होत्या, दाराच्या फटीपाशी तर त्यांचा थर होता. जन्मल्याबरोबर त्यांना तुतीचा कोवळा पाला लागतो. पाला कुलपाच्या बाहेर होता.

रेशमाच्या बासष्ट जाती होत्या त्या खोलीत. कुमुदने त्या सोळा वर्षं सांभाळल्या होत्या. दर वर्षी प्रत्येक जातीची अंडी बाहेर काढायची, अळ्या वाढवायच्या, कोष होऊ द्यायचे, पतंग निघू द्यायचे, त्यांची नवी अंडी घ्यायची आणि परत थंडीत ठेवायची. एक वर्ष चुकलं की ती जात संपली. त्यातल्या काही दुसरीकडे कुठेही उरलेल्या नव्हत्या.

ती भिंग घेऊन एकेक ट्रे ओढून बघत गेली. शेवटची मांडणी बघून झाल्यावर ती वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. 

"सर," ती म्हणाली. ऑफिसात ती मला सर म्हणायची. कुमुद माझी बायको होती.

"अकरा कार्डांवर जिवंत आहेत. डोकी हलवतायत. पाला आणू द्या."

मी तुती विभागाचा प्रमुख. सुट्टी लागताना छाटलेल्या झाडांना नेमके कोवळे फुटवे आले होते, तेही दोन-तीनशे पावलांवर. पण त्या दिवसांत मी प्रभारी संचालकही होतो. संचालक डॉ. हिर्लेकर दिल्लीला बैठकीसाठी गेले होते आणि तिथूनच पुढे रजेवर. संस्थेचा चार्ज माझ्याकडे होता.

"थांब," मी म्हणालो. "सरांना फोन करतो."

हिर्लेकरांची तार त्याच सकाळी आली होती, तिच्यात दिल्लीतल्या नातेवाइकांचा नंबर होता. फोन लगेच लागला.

"किती गेलं?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ सगळं, सर. अकरा कार्डं जिवंत आहेत. चौगुलेबाई म्हणतात पाला घालून बघू."

"हात लावू नका."

"सर, तासा-दोन तासांत त्याही जातील."

"चौगुले, ऐका. उद्या विद्यापीठाची चौकशी समिती येईल. पहिला प्रश्न काय विचारणार? दार उघडल्यावर आत कोण गेलं, काय हलवलं. ज्या बाईंच्या ताब्यातला माल, त्याच आत जाऊन उलथापालथ करतायत, हे कसं दिसेल? जैसे थे ठेवा. कुलूप घाला, सील करा."

"हा आदेश समजू का, सर?"

"चार्ज तुमच्याकडे आहे. निर्णय तुमचा. मी असतो तर हात लावू दिला नसता, एवढंच सांगतो."

मी परत आलो तेव्हा कुमुद दारात उभी होती. दिवाळीतली नवी मोरपंखी साडी नेसून आली होती. पदराची ओटी केली होती आणि ओटीत पाला होता. मी फोनवर असताना ती शेतात जाऊन आली होती.

"बारीक चिरून टाकते. दहा मिनिटं लागतील."

"जैसे थे ठेवायचंय."

"म्हणजे?"

"कुलूप घालायचंय. समिती येईपर्यंत."

"आत जिवंत आहेत, सर."

"कुमुद, बाहेर ये."

ऑफिसात सगळ्यांसमोर तिला नावाने हाक मारायची ती माझी पहिलीच वेळ. ती बाहेर आली. सोनटक्क्यांनी कुलपावर कापडाची पट्टी बांधली, मी मेणबत्तीवर लाख धरली. लाखेचे थेंब पडेपर्यंत ती उभी राहिली. मग तिने ओटीतला पाला उंबऱ्याबाहेर दाराच्या फटीशी ओतला आणि हात न झटकता निघून गेली.

समिती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर आत काहीच हलत नव्हतं. तीन सदस्य होते, त्यांतले दोघे नाकाला रुमाल लावूनच होते. विद्यापीठाच्या वायरमनने कॉम्प्रेसर तपासला. आतल्या बोर्डावरचा एक फ्यूज उडाला होता. त्याने चार मिनिटांत नवा बसवला आणि कॉम्प्रेसर सुरू झाला. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. समितीने टिपून घेतलं: "दारासमोर तुतीचा पाला आढळला. तो कोणी व का टाकला याचा उलगडा होत नाही."

आता किल्लीचं सांगायला हवं.

डॉ. हिर्लेकर दोन वर्षांपूर्वी संचालक म्हणून आले. त्याआधी शीतखोलीची किल्ली कुमुदच्या कमरेला असायची. रोज सकाळी ती शीतखोलीच्या दारावर तळहात ठेवायची. कॉम्प्रेसर चालू असला की दार किंचित थरथरतं. थरथर लागली की ती पुढच्या कामाला जायची. घरी फ्रिजवरसुद्धा ती जाता-येता असाच हात ठेवायची आणि मी तिला हसायचो.

हिर्लेकरांनी आल्या आल्या संस्थेचा आराखडा काढून आपल्या खोलीत भिंतीवर लावला. वर एक चौकोन, खाली नऊ चौकोन, मध्ये रेघा. खालच्या चौकोनांना एकमेकांशी जोडणारी एकही रेघ नव्हती. ते आम्हा विभागप्रमुखांना म्हणाले होते, "अधिकार वाटले की पातळ होतात. किल्ली एका हातात, तर जबाबदारी एका हातात." महिन्याभरात सगळ्या किल्ल्या त्यांच्या कपाटात गेल्या. कुमुदला रोज सही करून किल्ली घ्यावी आणि सही करून परत द्यावी लागे. तिने दुसरी किल्ली मागणारी टिपणी तीनदा दिली. दर वेळी त्यांनी वर लिहिलं, "चर्चा करा." सरकारी कामात नाही म्हणायचं नसलं की हा शेरा मारतात.

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला चार्ज दिला. यादीवर आमच्या सह्या झाल्या: गोल शिक्का एक, कपाटाच्या किल्ल्या चार, लाखबंद पाकीट एक. पाकिटात शीतखोलीची किल्ली होती. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये."

"मध्ये काही अडचण आली तर, सर?"

"सतरा दिवसांत काय अडचण येणार? सगळे घरी चकल्या खात बसतील." मग त्यांनी दार लोटलं. "चौगुले, उपसंचालकाची जागा भरायची आहे. तुम्ही ज्येष्ठ आहात, पण ज्येष्ठ बरेच असतात. ज्याला चार्ज सांभाळता येतो त्याचाच विचार होतो. सांभाळणं म्हणजे काय? मी ठेवून गेलो ते मला आल्यावर तसंच दिसलं पाहिजे. हे पाकीट लाख न फुटता परत पाहिजे."

ते पाकीट मी घरी नेलं. त्या सोमवारी सकाळी परवानगीची तार आली तेव्हा साक्षीदारांसमोर फोडलं.

समिती जाऊन दोन दिवस झाले आणि हिर्लेकरांनी रजा वाढवली. रक्तदाब, असं कळवलं. म्हणजे चार्ज माझ्याकडेच राहिला. त्याच दिवशी कुलसचिवांचं पत्र आलं, जबाबदारी निश्चित करून कारवाई सुरू करावी. मी पुन्हा फोन केला.

"सोपं आहे," हिर्लेकर म्हणाले. "जातसंग्रहाचा प्रभारी कोण? कागदावर कुणाचं नाव आहे?"

"सर, पण किल्ली..."

"किल्लीचं मी विचारलं नाही. नाव विचारलं."

"कुमुद चौगुले."

"त्यांना कारणे दाखवा नोटीस काढा. सही प्रभारी संचालकांची."

"सर, ती माझी पत्नी आहे."

"मला माहीत आहे. म्हणून तर. तुम्ही नाही काढली तर लोक म्हणतील, घरच्या माणसाला पाठीशी घातलं. मला तुमची काळजी आहे, चौगुले."

सोनटक्क्यांनी नोटीस टंकून आणली. हा माणूस बावीस वर्षं त्याच खुर्चीवर होता आणि कुणाचंही काही बिघडलं की त्याच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. नोटीस माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "साहेब, बजावणी इथे करायची की घरी? घरी केली तर शिपायाची फेरी वाचेल." बाहेर टायपिस्ट बायका हसल्या. मीही थोडा हसलो. मग सही केली.

कुमुदला बोलावलं. तिने उभ्यानेच नोटीस वाचली. 'आपल्या निष्काळजीपणामुळे' या शब्दांशी थांबली, परत वाचलं. दुसऱ्या प्रतीवर सही केली, तारीख घातली, घड्याळ बघून वेळही घातली: अकरा चाळीस.

"मुदत किती, सर?"

"सात दिवस."

"सुट्ट्या धरून?"

"धरून."

"कागद कुणाच्या नावे?"

"कुलसचिवांच्या. योग्य मार्गाने."

योग्य मार्गाने म्हणजे संस्थेच्या प्रमुखामार्फत. कर्मचाऱ्याला विद्यापीठाशी थेट बोलता येत नाही. त्याचा कागद आधी प्रमुखाकडे येतो, प्रमुख तो पुढे पाठवतो. त्या आठवड्यात प्रमुख मी होतो.

आमची मुलगी तेव्हा पुण्याला शिकत होती. घरात आम्ही दोघंच. संध्याकाळी जेवणं आटोपली की कुमुद टेबल पुसायची, चष्मा लावायची आणि लिहायला बसायची. मी समोर वर्तमानपत्र धरून बसायचो. तिसऱ्या दिवशी तिने मान वर केली.

"अहो, 'सुमारे' चालतं का असल्या पत्रात? सुमारे साडेसात वाजता?"

"चालतं."

"आणि घराला काय लिहायचं? घर की निवासस्थान?"

"निवासस्थान."

"बरं." तिने लिहिलं. "तुमच्याकडची पट्टी द्या जरा. शेवटी एक रेघ मारायची आहे."

मी पट्टी दिली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. तिनेही दाखवलं नाही.

सातव्या दिवशी अकराच्या सुमारास ती माझ्या खोलीत आली. खरं तर ती हिर्लेकरांची खोली, मी आराखड्याखाली त्यांच्या खुर्चीत बसलेला. सोनटक्के फायली लावत होते. तिने तीन पानं टाचून आणली होती.

"खुलासा. आवक क्रमांक घालून पोच द्या, सर."

पोच म्हणजे कागद मिळाला याची सही. ती नसली तर कागद दिलाच नाही असं होऊ शकतं. हे ऑफिसातल्या शिपायालाही माहीत असतं.

मला तेव्हा ती पानं सोनटक्क्यांच्या हातात जायला नको होती. अजून वाचलंही नव्हतं, तरी नको होती.

"ठेव. मी आवक करून घेतो," मी म्हणालो.

"आणि पोच?"

"पोच घरी देतो की."

सोनटक्के खो खो हसले. त्यांचाच विनोद मी त्यांना परत दिला होता. कुमुदच्याही ओठांवर जरा हसू आलं. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा.

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

सोनटक्क्यांना बाहेर घालवून मी ते वाचलं. सुट्टीतल्या दिवसांबद्दल मी इथे अजून काही लिहिलेलं नाही. ते तिने लिहिलं होतं, म्हणून तिच्याच शब्दांत देतो.

"रविवार दि. १८ ऑक्टोबर रोजी सकाळी सुमारे सात वाजता मी शीतखोलीच्या दाराला हात लावून पाहिला. थरथर जाणवली नाही. सुमारे साडेसात वाजता मी प्रभारी संचालकांना त्यांच्या निवासस्थानी स्वयंपाकघरात भेटले. ते चहा घेत होते. कॉम्प्रेसर बंद असल्याचे सांगून पाकीट फोडण्याची विनंती केली. पाकीट त्याच निवासस्थानी कपड्यांच्या कपाटात होते. त्यांनी 'सरांना विचारतो' असे सांगितले. संचालकांनी दिल्लीचे अतिथिगृह सोडले होते. त्यांच्या कायमच्या पत्त्यावर तार करण्यात आली.

"दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विनंती केली. 'लाख फुटली तर मी काय उत्तर देऊ?' असे ते म्हणाले. अंडी दहा-अकरा दिवसांत फुटतील, तोवर वेळ आहे, हे मी त्यांना सांगितले.

"पाडव्याच्या दिवशी सायंकाळी मी त्यांना ओवाळले. ओवाळणी काय हवी असे त्यांनी विचारले. मी किल्ली मागितली. त्यांनी साडी दिली.

"त्यानंतर मी दररोज सकाळी विनंती केली. दि. २९ रोजी केली नाही, कारण त्या दिवसापासून उपयोग नव्हता.

"किल्लीसंबंधी मी पूर्वी तीन टिपण्या सादर केल्या. तिन्हींवर संचालकांचा 'चर्चा करा' असा शेरा आहे. चर्चा झाली नाही.

"दि. २ नोव्हेंबर रोजी अकरा कार्डांवरील अळ्या जिवंत होत्या. पाला आणला असता मला बाहेर येण्यास सांगण्यात आले. दारासमोर आढळलेला पाला माझा आहे.

"या संपूर्ण काळात पाकीट माझ्या झोपण्याच्या जागेपासून सुमारे बारा फुटांवर होते. कपाटाला कुलूप नव्हते. अधिकार नसतानाही मी ते फोडायला हवे होते. फोडले नाही. एवढी चूक मला मान्य आहे."

मी दोनदा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. कुठे राग नव्हता, रडगाणं नव्हतं. मी घरी जे जे म्हणालो होतो ते तसंच लिहिलं होतं, फक्त 'हे' ऐवजी 'प्रभारी संचालक' लिहिलं होतं.

हा कागद पुढे गेला असता तर हिर्लेकरांना किल्लीचं उत्तर द्यावं लागलं असतं आणि मला बाकी सगळ्याचं. कुमुद सुटली असती. संग्रह पुन्हा उभा करायचं काम तिच्याकडेच आलं असतं, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. परराज्यातल्या केंद्रांकडून वीस-बावीस जाती परत मिळण्यासारख्या होत्या. त्यांना लिहायची पत्रंही तिने करून ठेवली होती.

मी ती पानं माझ्या स्वतःच्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. मनात म्हटलं, हिर्लेकर येऊ देत, त्यांना दाखवून पाठवू.

दोन दिवसांनी ते आले. रक्तदाब कुठे दिसत नव्हता, उन्हाने रंग छान तांबूस झाला होता. चार्ज परत दिला. शिक्का, किल्ल्या, फोडलेलं पाकीट. पाकीट त्यांनी उलटंपालटं करून बघितलं आणि फायलीला लावलं.

"चौगुलेबाईंचा खुलासा आला?"

आता सांगायचं होतं. कागद खणात होता. उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं असावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

"नाही ना?" ते म्हणाले. "शहाण्या आहेत तुमच्या पत्नी. काही माणसं उगाच लिहीत बसतात." मग घंटी वाजवली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. संचालकांच्या खोलीत मला चहा मिळाल्याची ती पहिली वेळ.

संस्थेतून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक नोंदवहीत चढतो. ती वही सोनटक्क्यांच्या टेबलावर असायची. पुढचे दोन महिने कुमुद रोज पाच वाजता त्या टेबलाशी जायची, वही उघडायची, त्या दिवसाचं पान वरपासून खालपर्यंत वाचायची आणि मिटायची. माझ्या खोलीच्या काचेतून ते दिसायचं. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझं एक पत्र जायचंय."

एकदा सोनटक्के माझ्याकडे आले. "साहेब, मॅडमना सांगा की आगाऊ प्रत थेट पाठवा. नियमात बसतं. मी म्हटलं त्यांना."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, प्रत कशाला, ते पाठवतीलच."

असं सांगून ते उभेच राहिले, माझा चेहरा बघत. मी फाईल उघडली.

संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवताना कुमुद म्हणाली, "अहो, पोच राहिली."

"हो, देतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. वहीही बघायला गेली नाही.

समितीचा निर्णय त्याच महिन्याच्या शेवटी आला. "विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्याने संबंधितांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येत आहे." तिच्याकडून संग्रह काढून घेतला. सेवापुस्तकात ठपका नोंदवला. नेमणूक प्रदर्शन कक्षात. शाळांच्या सहली यायच्या. काचेच्या बरण्यांत औषधात बुडवलेल्या अळ्या, कोष आणि पतंग असायचे, ते मुलांना दाखवायचे. तिने आदेश वाचून सही केली. संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ती कणीक मळत होती.

"भात लावू की नुसत्या पोळ्या करू?" तिने विचारलं.

"काहीही चालेल."

"काहीही नको. एक सांगा."

मी भात म्हणालो.

ती पत्रं केंद्रांना कुणी पाठवली नाहीत. संग्रह परत उभा राहिला नाही. शीतखोलीत पुढे जुन्या फायली ठेवायला लागले.

एप्रिलमध्ये मी उपसंचालक झालो. दीड वर्षाने हिर्लेकर वरच्या जागेवर गेले आणि मी संचालक झालो. खोलीतला आराखडा मी उतरवला. पहिलाच आदेश काढला की सगळ्या किल्ल्या ज्या त्या विभागाकडे राहतील आणि अडचणीच्या वेळी विभागप्रमुखाने स्वतः निर्णय घ्यावा, परवानगी मागून घेता येईल. लोकांनी फार कौतुक केलं. विद्यापीठाच्या बैठकीत त्याचा उल्लेख झाला. कुमुदने तो फलकावर वाचला.

"आदेश बघितला," ती जेवताना म्हणाली. "बरा लिहिलाय."

बस, एवढंच.

संचालक म्हणून मी सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांत कुठल्याही दिवशी मी तो कागद काढून त्यावर आवक क्रमांक घालू शकत होतो. प्रकरण परत उघडायचा अधिकार माझा होता, कुणाला विचारायचं नव्हतं. फक्त एका रकान्यात उशिराचं कारण लिहावं लागलं असतं. त्या रकान्यात काय लिहायचं ते मी अनेकदा ठरवलं. प्रदर्शन कक्ष माझ्या खोलीच्या खाली होता. सहल आली की तिचा आवाज वर यायचा. "ही अळी पाला नाही मिळाला तर किती दिवस जगते?" कुणीतरी मुलगी विचारायची. "दोन," ती सांगायची.

तिने तिथे दहा वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाली. आमचं घर इतर घरांसारखंच चाललं. मुलीचं लग्न झालं. आम्ही दोनदा दक्षिणेत फिरून आलो. ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. माझ्यासमोर ती फ्रिजवर हात ठेवेनाशी झाली, इतकाच फरक.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये कुमुद गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवस बेशुद्ध होती. मुलीने तिच्या साड्या वाटून टाकल्या. मोरपंखी साडी तेवढी मागे उरली. तिच्या पदरावर तुतीच्या चिकाचे डाग आहेत. ते धुतल्याने जात नाहीत, आणि तिने ती नंतर नेसलेली मला आठवत नाही.

खुलासा माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना घरी आणला. पाकीट होतं त्याच कपाटात ठेवला आहे. तिच्या हातचं एवढं सलग लिहिलेलं दुसरं काही घरात नाही, बाकी वाणसामानाच्या याद्या आहेत. शेवटच्या पानावर खाली डाव्या बाजूला तिने माझ्या पट्टीने एक रेघ आखली आहे आणि रेघेखाली लिहिलं आहे, "पोच: प्रभारी संचालकांची सही व दिनांक."

तारीख कुठली घालावी हे मला ठरवता आलेलं नाही. सही करायची राहिली आहे.